मेट्सचं २०२६ : आशेचं खातं वेगळं, अंदाजाचं वेगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : चार वर्षांपासून न्यू जर्सीत आहात, ऑफिसातल्या मित्रांच्या संगतीनं न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा नाद लागला, दर हिवाळ्यात ‘पुढचं वर्ष आपलं’ म्हणून जेवणाची पैज लावता आणि दर वर्षी बिल तुम्हीच भरता. हुआन सोटोसारखा खेळाडू असूनही २०२५ मध्ये १६२ पैकी ८३ विजयांवर गाडी अडली, प्लेऑफ (साखळीनंतरची बाद फेरी) हुकला. आता २०२६ साठी किती विजयांवर पैज लावावी, आणि हिवाळ्यात रोज येणाऱ्या बातम्यांपैकी कुठलीला किती भाव द्यावा?

मी पेशानं ॲक्चुअरी. विमा कंपनीत बसून पुढच्या वर्षी किती गाड्या ठोकल्या जातील, याचा हिशेब करणं हे माझं काम. बेसबॉलच्या अंदाजांची एक वहीही बरीच वर्षं ठेवली आहे. दर नोव्हेंबरात लिहितो, पुढच्या ऑक्टोबरात उघडून स्वतःची फजिती वाचतो. त्या वहीच्या जोरावर सांगतो की तुम्ही पैज हरता ते मित्रांना खेळ जास्त कळतो म्हणून नाही. ‘काय होईल’ आणि ‘काय व्हावं’ हे दोन प्रश्न तुम्ही एकाच आकड्यात कोंबता, म्हणून हरता.

मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. लहानपणी आमच्या घरी ते मोठ्या भक्तिभावानं ऐकलं जाई. पण वडील बियाणं घ्यायला निघाले की आमचं शेत कसं आहे, विहिरीला किती पाणी आहे आणि मागच्या तीन वर्षांत काय पिकलं, यावरच बोलत. भाकिताला त्यांनी कधी खोटं म्हटलं नाही, पण पिशवी भाकितावर घेतली नाही. माझ्या वहीलाही म्हणून दोन रकाने आहेत. डावीकडे आशा, उजवीकडे अंदाज. पैज उजवीकडून लावायची.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते कबूल करतो. हे लिहितोय नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी, म्हणजे बाजार नुकता उघडलाय. मेट्सचा मोठा फलंदाज पीट अलॉन्सो आणि शेवटची इनिंग सांभाळणारा पिचर (चेंडू टाकणारा) एडविन डियाझ दोघेही करारातून बाहेर पडून फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाकडे जायला मोकळे, झालेत. २०११ पासून मेट्सच्या घरचा असलेला ब्रँडन निमो टेक्सासला गेला आणि बदल्यात मार्कस सेमियन आला. फेब्रुवारीच्या मध्यात पिचर-कॅचर फ्लोरिडात पोर्ट सेंट लुसीच्या शिबिरात दाखल होतील, तोवर संघाचा चेहरा आणखी बदलेल. त्यामुळे मी आज देईन तो आकडा मार्चमध्ये बदलायचा हक्क राखून ठेवतो. तुम्हीही पैज मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लावा. थँक्सगिव्हिंगच्या टर्कीसोबत लावायची गरज नाही.

दुसरं अवलंबून आहे ते पैज कसली यावर. विजयांच्या आकड्यावर लावत असाल तर थोडंफार डोकं चालवता येतं. प्लेऑफवर लावत असाल तर कमी, आणि जेतेपदावर लावत असाल तर देवाचं नाव घ्या. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना पाहिलात ना? नवव्या इनिंगमध्ये टोरांटो जेतेपदापासून दोन आउट दूर होतं. तेव्हा लॉस एंजेलिस डॉजर्सच्या मिगेल रोहासनं होम रन (चेंडू थेट सीमेपार) मारून बरोबरी केली, ज्याच्याकडून डॉजर्सच्या चाहत्यांनीही अपेक्षा ठेवली नव्हती. अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथच्या होम रनवर डॉजर्स ५-४ नं जिंकले. १९९८ ते २००० च्या यँकीजनंतर (न्यूयॉर्कचाच दुसरा संघ) पहिल्यांदाच कुणी लागोपाठ जेतेपद राखलं. या घटनेचा अंदाज आधीच्या डिसेंबरात बांधला होता असं म्हणणारा माणूस भेटला, तर त्याला विमा विकू नका.

आता मुख्य गोष्ट. १६२ सामने म्हणजे खूप झाले, नशीब सगळं समान होऊन जात असेल, असं वाटतं. तसं होत नाही. एक नाणं १६२ वेळा उडवा. सरासरी ८१ छापे येतील, पण दर वेळी नाही. तीनपैकी सुमारे दोन वेळा आकडा ७५ ते ८७ च्या मध्ये पडेल आणि उरलेल्या वेळी त्याही बाहेर. म्हणजे एखाद्या संघाची खरी ताकद देवानं येऊन तुमच्या कानात सांगितली, तरी विजयांचा आकडा सहानं इकडेतिकडे होणारच. आणि देव काही सांगत नाही, ताकदही आपण अंदाजानंच धरतो. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक आकड्यापुढे आठ-नऊ विजयांची सूट असते. आपल्या हवामान खात्याचंही तसंच. एप्रिलमध्ये मान्सूनचा आकडा देतात तेव्हा सोबत ‘पाच टक्के कमी-जास्त’ लिहितात. लोक आकडा लक्षात ठेवतात, सूट विसरतात आणि मग खात्याला शिव्या घालतात.

२०२५ चे मेट्स याच कमी-जास्तीत सापडले. १२ जूनला त्यांचे ४५ विजय आणि २४ पराभव होते. संपूर्ण मेजर लीगमध्ये त्याहून चांगली कामगिरी कुणाची नव्हती. त्यानंतर ३८ जिंकले, ५५ हरले. शेवटच्या दिवशी मायामीत ०-४ हरले. प्लेऑफच्या त्याच जागेसाठी झगडणारं सिनसिनाटीही त्याच दिवशी हरलं होतं, म्हणजे तो एक सामना जिंकला असता तर मेट्स प्लेऑफमध्ये होते. दोघांचेही ८३ विजय आणि आपसातल्या लढतींच्या जोरावर सिनसिनाटी आत गेलं. तुमच्या ऑफिसात जूनमध्ये ‘१०० विजय’ म्हणणारे आणि सप्टेंबरात ‘संघ विकून टाका’ म्हणणारे तेच लोक असतील, याची मला खात्री आहे. खरा संघ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होता.

तो मध्य शोधायचा कसा? इथे विजय-पराभव बाजूला ठेवून केलेल्या आणि दिलेल्या धावा पाहायच्या. बिल जेम्सनं ही वाट बऱ्याच वर्षांपूर्वी दाखवली : केलेल्या धावांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, की विजयांचं प्रमाण हाती येतं. डोक्यात करायचं असेल तर इतकं पुरे की दहा धावांची आघाडी म्हणजे एक विजय. मेट्सनी २०२५ मध्ये दिल्या त्यापेक्षा सुमारे पन्नास धावा जास्त केल्या. म्हणजे ८१ अधिक ५, झाले ८६. प्रत्यक्षात आले ८३. तीन विजय कुठेतरी सांडले. आठव्या इनिंगनंतर पिछाडीवर असलेला एकही सामना या संघानं वर्षभरात जिंकला नाही, हे तुम्ही ऐकलंच असेल. लोक त्यावरून ‘यांच्यात जिगर नाही’ असा निष्कर्ष काढतात. मी त्यातला बराच भाग न टिकणारा मानतो.

‘न टिकणारा’ का म्हणतो, त्याला जुने दाखले आहेत. २०१२ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सनी एका धावेच्या फरकानं संपलेले २९ सामने जिंकले, हरले फक्त ९. एकूण विजय ९३. वर्षभराची धावांची आघाडी मात्र जेमतेम सात. तेव्हाही सगळे म्हणत होते की या संघाला जिंकायची सवय लागली आहे. पुढच्या वर्षी एका धावेचे २० जिंकले, ३१ हरले. सवय हिवाळ्यात सुटली म्हणायची. सिॲटलनं २०१८ मध्ये धावांत मागे राहूनही ८९ सामने जिंकले आणि २०१९ मध्ये ६८ वर आले. पण हा नियम काही दगडावरची रेघ नाही. त्याच सिॲटलनं २०२१ मध्ये धावांत तब्बल ५१ नं मागे असताना ९० जिंकले, मी वहीत ‘पुढच्या वर्षी आपटतील’ असं ठळक लिहिलं, आणि २०२२ मध्ये पुन्हा बरोबर ९० जिंकले. मधल्या काळात त्यांचे तरुण खेळाडू खरोखर सुधारले होते. सूत्राला खेळाडू मोठे होतात हे कळत नाही.

म्हणून दुसरी पायरी खेळाडूंची. चाहत्याची नेहमीची चूक म्हणजे गेल्या वर्षीचा आकडा उचलून पुढच्या वर्षावर चिकटवणं. आमच्या धंद्यात असं केलं तर कंपनी बुडेल. एका वर्षात अपघात केला नाही म्हणून ड्रायव्हर उत्तम ठरत नाही, आणि एक ठोकली म्हणून वाईटही ठरत नाही. तीन वर्षं बघतो, ताज्या वर्षाला जास्त वजन देतो आणि मग सगळ्यांनाच थोडं सरासरीकडे ओढतो. टॉम टँगो नावाच्या संख्याशास्त्र्यानं बेसबॉलसाठी नेमकं हेच केलं. त्यानं आपल्या पद्धतीला एका टीव्ही मालिकेतल्या माकडाचं नाव दिलं, मार्सेल, कारण इतकी साधी गोष्ट माकडालाही जमावी. ताज्या वर्षाला ५, आधीच्याला ४, त्याआधीच्याला ३ असं वजन द्यायचं, वयाची थोडी वजाबाकी करायची, संपलं. आणि महागड्या, किचकट पद्धतींनाही या माकडाला फार मागे टाकता येत नाही, हे गेली कित्येक वर्षं दिसतंय.

सोटोवर लावून बघू. होम रन : २०२३ मध्ये ३५, २०२४ मध्ये ४१, २०२५ मध्ये ४३. वजन देऊन सरासरी काढली तर ४० येते. नुकता २७ वर्षांचा झालाय, म्हणजे फलंदाजाच्या ऐन बहराचा काळ, त्यामुळे वयाची चिंता नाही. सरासरीकडे ओढलं की ३७-३८ धरा. ठीक. आता त्यानं चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असताना पळून गाठलेला पुढचा टप्पा) बघा : १२, ७ आणि मग एकदम ३८. नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक चोऱ्यांच्या यादीत त्याचं नाव संयुक्तपणे पहिलं होतं. धावण्यात सोटो कधीच वेगवान गणला गेला नाही, पिचरच्या हालचाली वाचून त्यानं हे केलं. तुमचे मित्र आता ‘४०-४० करणार’, म्हणजे ४० होम रन आणि ४० चोऱ्या, म्हणतील. माकडाचा हिशेब २१ म्हणतो. मी २५ लिहीन, कारण कौशल्य नवीन शिकलेलं दिसतंय, निव्वळ योगायोग नाही. पण ३८ कदापि लिहिणार नाही.

तरुणांच्या बाबतीत जास्त सांभाळा. नवा पिचर नोलन मक्लेन ऑगस्टमध्ये आला, आठ सामने सुरू केले, पाच जिंकले, एक हरला, नऊ इनिंगमागे जेमतेम दोन धावा दिल्या. मीही टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. पण आठ सामने म्हणजे किती? विमा कंपनीच्या भाषेत हा दोन महिन्यांचा ग्राहक. मी त्याला चांगला पिचर धरतो, महान धरत नाही. फलंदाजांनी अजून त्याचा चेंडू दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा नीट पाहिलेला नाही.

आता तुमच्या प्रश्नातला कळीचा मुद्दा, मोठी नावं आणि मोठे करार. सोटोला डिसेंबर २०२४ मध्ये १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. त्या रात्री माझा फोन फुटायचा बाकी होता. एका गृहस्थांनी ‘आता १०५ विजय’ असं लिहून सहीसुद्धा केली. पण एक खेळाडू म्हणजे किती विजय? त्याच्या जागी मायनर लीगमधून (खालच्या स्तरावरून) कुणालाही उचलून आणलं असतं, त्यापेक्षा किती जास्त, असा हिशेब इथले लोक करतात. त्या मापानं सोटोचं २०२५ सुमारे सहा विजयांचं. अतिशय उत्तम वर्ष. आणि तरीही बघा : सोटो नसताना २०२४ मध्ये मेट्सचे ८९ विजय, सोटो आल्यावर ८३. यँकीजचं याहून गमतीदार. सोटो असताना २०२४ मध्ये ९४, तो गेल्यावर २०२५ मध्येही ९४. त्यात त्यांचा प्रमुख पिचर गेरिट कोल कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे वर्षभर बसून होता. सोटोवर न लागलेल्या पैशांतून त्यांनी मॅक्स फ्रीडसारखा पिचर घेतला आणि खड्डा भरून काढला. आयपीएलमध्ये संघाला पैशांची मर्यादा असते, त्यामुळे एकावर २७ कोटी उधळले की बाकीच्यांना चिल्लर उरते. इथे तशी पक्की मर्यादा नाही, ठरावीक रकमेपुढे फक्त कर भरावा लागतो. पण मैदानावर एका वेळी नऊच खेळतात आणि सोटोलाही नऊ जणांत एकदाच बॅट मिळते, हे कुठल्याच पैशानं बदलत नाही.

करारांबद्दल माझा सगळ्यात मोठा धडा डिसेंबर २०१९ चा. सॅन डिएगोत हिवाळी बैठका होत्या. तीन दिवसांत तीन करार झाले आणि तिघांचाही एजंट एकच, स्कॉट बोरास. स्टीव्हन स्ट्रासबर्गला वॉशिंग्टनकडून सात वर्षांचे २४ कोटी ५० लाख. गेरिट कोलला यँकीजकडून नऊ वर्षांचे ३२ कोटी ४० लाख. अँथनी रेंडॉनला एंजल्सकडून सात वर्षांचे पुन्हा २४ कोटी ५० लाख. मी वहीत लिहिलं होतं : पिचरचा खांदा-कोपर म्हणजे जुन्या एसटीचं इंजिन, म्हणून कोल आणि स्ट्रासबर्ग धोक्याचे, फलंदाज रेंडॉन सगळ्यात सुरक्षित. झालं काय? स्ट्रासबर्ग त्यानंतर फक्त आठ सामन्यांत उतरला आणि निवृत्त झाला, इथवर ठीक. कोल २०२३ मध्ये साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा, पुरस्कार घेऊन गेला. आणि माझा ‘सुरक्षित’ रेंडॉन एकाही हंगामात साठ सामनेदेखील खेळू शकला नाही. दुखापतीचा अंदाज समूहासाठी बांधता येतो, माणसासाठी नाही. शंभर पिचरपैकी किती जण पडतील हे मी सांगेन, कोण पडेल ते विचारू नका.

मेट्सच्या बाबतीत हे फार लागू आहे, कारण २०२५ ची घसरण मुख्यतः सामना सुरू करणाऱ्या पिचरांमुळे झाली. कोडाई सेन्गा, शॉन मनाया, ग्रिफिन कॅनिंग, एकामागून एक दुखापती. जे उरले ते पाचव्या इनिंगपर्यंत दमायचे, मग बुलपेनवर, म्हणजे मागून येणाऱ्या पिचरांवर, ओझं, मग बुलपेन दमायचं. म्हणून या हिवाळ्यात नवा फलंदाज आला तर मी दोन विजय वाढवीन, पण दीडशे-पावणेदोनशे इनिंग टाकणारे दोन पिचर आले तर जास्त आनंदानं वाढवीन. त्यांची नावं कमी प्रसिद्ध असली तरी चालेल.

‘हिवाळा जिंकला’ अशी मथळ्यांची भाषा असते, तिच्यापासून जरा जपून. २०१२ साठी मायामी मार्लिन्सनी नवं स्टेडियम बांधलं, होसे रेयेस, मार्क बुर्ली, हीथ बेल असे तिघे आणले आणि ६९ सामने जिंकले. २०१५ साठी सॅन डिएगोनं मॅट केम्प, जस्टिन अप्टन, क्रेग किंब्रेल, जेम्स शील्ड्स असा अख्खा वऱ्हाडी जथाच उतरवला आणि ७४ जिंकले. उलट टेक्सासनं २०२१ मध्ये १०२ सामने हरल्यावर कोरी सीगर आणि मार्कस सेमियन या दोघांवर मिळून ५० कोटी डॉलर लावले. पुढच्या वर्षी ६८ विजय आले. सगळे हसले. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, वर्ल्ड सिरीज जिंकली. आणि तीही त्या वर्षासाठी आणलेला पिचर जेकब डीग्रॉम सहा सामन्यांनंतर शस्त्रक्रियेला गेला असताना. बाजारातली खरेदी कधीकधी फळते, पण ती पहिल्याच वर्षी फळेल असा हट्ट धरला की पैज जाते.

अफवांबद्दल थोडक्यात. इथे या मोसमाला ‘हॉट स्टोव्ह’ म्हणतात. पूर्वी थंडीत दुकानातल्या शेगडीभोवती बसून लोक बेसबॉलच्या गप्पा हाणायचे, त्यावरून. आपली शेकोटीच. शेकोटीवर ज्या गोष्टी होतात त्या शेकोटीपुरत्या धराव्यात. डिसेंबर २०२३ मध्ये जपानी तारा शोहेई ओतानी टोरांटोला निघाल्याची बातमी पसरली, हजारो लोक एका खासगी विमानाचा मार्ग नकाशावर बघत बसले, आणि विमानातून उतरला कॅनडातला एक उद्योगपती. दुसऱ्याच दिवशी ओतानीनं डॉजर्सची घोषणा केली. त्याआधीच्या हिवाळ्यात कार्लोस कोरेयाचा सॅन फ्रान्सिस्कोशी ३५ कोटींचा सौदा ठरला, वैद्यकीय तपासणीत घोट्याचं जुनं दुखणं निघालं. मग मेट्सशी ३१ कोटी ५० लाखांचा ठरला, पुन्हा तपासणी, पुन्हा घोटा. शेवटी तो २० कोटींत मिनेसोटाला परतला. आमच्या गटात त्या दिवसांत कोरेयासकट फलंदाजीचा क्रमसुद्धा ठरला होता. बाजारात तुरी, दुसरं काय. तपासणी पार पडून संघानं अधिकृत जाहीर करेपर्यंत उजव्या रकान्यात काही लिहायचं नाही, हा नियम मी त्यानंतर केला. तसंच फेब्रुवारीत प्रत्येक संघातला एक तरी खेळाडू ‘आयुष्यातल्या सर्वोत्तम तब्येतीत’ असतो. ती बातमीही शेकोटीतच टाका. सराव सामन्यांचे निकालही तिच्यात.

हे सगळं वाचून, संगणकावर विसंबलं की झालं, असं वाटत असेल तर माझं २०१५ चं पान वाचा. त्या वर्षी बेसबॉल प्रॉस्पेक्टस या संस्थेच्या ‘पेकोटा’ या अंदाज-पद्धतीनं कॅन्सस सिटी रॉयल्सना ७२ विजय दिले होते. मी शहाणपणा करून दोन वाढवले, ७४ लिहिले. रॉयल्स आदल्या वर्षी वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यापर्यंत गेले होते, पण ते मी योगायोगात टाकलं. त्यांनी ९५ जिंकले आणि वर वर्ल्ड सिरीजही. हरवलं कुणाला? मेट्सना. म्हणजे माझा अंदाज चुकला तो चुकला, वर आशेचा रकानाही जळाला. रॉयल्सचे फलंदाज क्वचितच स्ट्राइकआउट (चेंडू हुकवून बाद) व्हायचे, क्षेत्ररक्षण चोख होतं, शेवटच्या तीन इनिंगना तीन भन्नाट पिचर होते. ही सगळी गुणवत्ता त्या वेळच्या सूत्रांत कमी मोजली जात होती. आणि २०२५ चं टोरांटो? २०२४ मध्ये ७४ विजय आणि गटात तळाला. कुठल्याही सूत्रानं त्यांना मधोमधच कुठेतरी ठेवलं असतं. त्यांनी ९४ जिंकून गट जिंकला आणि बाकी तुम्हाला माहीत आहे.

तर आता पाटी-पेन्सिल घेऊ. मेट्सची सुरुवात धावांवरून ८६. एका वर्षाची आघाडी पूर्ण खरी कधीच नसते, म्हणून ८१ कडे थोडं ओढलं, ८५ धरा. निमो जाऊन सेमियन आला, त्यात क्षेत्ररक्षण सुधारेल, पण सेमियन ३५ वर्षांचा आहे आणि दोन वर्षं त्याची बॅट मंदावतेय. जमाखर्च शून्य. अलॉन्सो आणि डियाझ दोघेही गेले आणि जागा तशाच राहिल्या, तर चार-पाच वजा. पण मालक स्टीव्ह कोहेनचा खिसा पाहता जागा रिकाम्या राहणार नाहीत, म्हणून दोनच वजा करतो. मक्लेन पूर्ण वर्ष खेळेल आणि इतर पिचरांच्या दुखापती यंदाएवढ्या नसतील, त्याचे दोन अधिक. आजच्या तारखेला माझा आकडा ८५. सूट लावली की ७७ ते ९३. एक खरा दमदार पिचर अधिकृतपणे आला, तर मार्चमध्ये ८७.

पैज अशी लावा : मित्रांना आधी त्यांचा आकडा कागदावर लिहायला सांगा. चाहते ९३-९५ लिहितील. तुम्ही ‘त्याहून कमी’ घ्या. आणि ऑफिसात मेट्सवर खार खाणारा एखादा यँकीजवाला असेलच, तो ७५ लिहील. त्याच्याशी ‘त्याहून जास्त’ घ्या. दोन्ही पैजा एकदम हरणं शक्यच नाही, आणि एक हरायलाही बरंच दुर्दैव लागेल. पैज जेवणापुरतीच ठेवा, घराच्या हप्त्यापर्यंत जाऊ देऊ नका.

डाव्या रकान्याचं विचारलं नाहीत, पण सांगतो. तिथे यंदा काल रात्रीच लिहिलं : अलॉन्सो परत यावा. मेट्सच्या इतिहासात त्याच्याइतके होम रन कुणी मारलेले नाहीत, आणि माझ्या मुलीकडे त्याच्या नावाचा जर्सी आहे, जो तिला आता घट्ट होतो. नवा घ्यायचा की नाही, ते डिसेंबरात ठरेल.